निम्मी लिफ्ट

चौथ्या मजल्यावरच्या ताईंना दार उघडायच्या आधीच कळायचं, कोण आलंय ते. यात जादू कसली नव्हती. इमारतीतली लिफ्ट जुनी होती, तिला लोखंडी जाळीचं सरकतं दार होतं, आणि ते दार प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे लावायचा. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जाळी इतक्या हळुवार सरकवायचे, की तिलाही दुखेल असं त्यांना वाटत असावं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीच्या दोन्ही हातांत कायम पिशव्या, म्हणून ती पायाने ढकलायची. तिसऱ्या मजल्यावरचे नकाशेवाले काका सरकारी कचेरीत नकाशे काढता काढता म्हातारे झाले होते. ते जाळी लावायचे आणि नीट लागली की नाही ते पुन्हा एकदा ओढून बघायचे. ताईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. लोकांचे फोन जोडून देता देता त्यांचे कान असे तयार झाले होते, की माणूस नुसता श्वास घ्यायचा आणि ताई ओळखायच्या, हा आता रागावणार आहे.

या सगळ्या आवाजांत एक आवाज मात्र फार वर्षांत आलेला नव्हता. तो धाकटीचा.

धाकटी म्हणजे ताईंची सख्खी बहीण. तिला जाळी एका दमात कधी लावता यायची नाही. अर्ध्यावर यायची, अडकायची, मग धाकटी जिभेने चक् करायची आणि दुसरा हिसका द्यायची. खर्र, मग चक्, मग खडाक्. इमारतीत दुसऱ्या कुणाचाही हात असा नव्हता. ताई भाजी निवडत असोत की डोळा लागलेला असो, लिफ्ट वर येऊन थांबली की त्या या तीन आवाजांची वाट बघायच्या. ते यायचे नाहीत, मग पुन्हा भाजी.

दोघी लहान असताना घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. डबा संपत आला की शेवटचं एक बिस्कीट उरायचं आणि ते कुणी खायचं हा प्रश्न यायचा. दुसऱ्या घरात यावरून झिंज्या उपटल्या गेल्या असत्या. या दोघींचं तंत्रच वेगळं होतं. थोरली त्यातलं अर्धं खायची आणि अर्धं धाकटीसाठी डब्यात ठेवायची. धाकटी त्या अर्ध्यातलं अर्धं खायची आणि उरलेलं पुन्हा डब्यात. असं होता होता डब्यात चिमूटभर चुरा राहायचा, पण तो संपवायला कुणी तयार नसायची. शेवटी मुंग्या लागायच्या आणि आई दोघींना मिळून ओरडायची.

ती आई म्हातारी झाली, तिचे गुडघे गेले, आणि मग पहिल्यांदा दोघींचं बिनसलं. धाकटीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. ती म्हणे, आईला माझ्याकडे येऊ दे, तिला निदान दारात खुर्ची टाकून बसता येईल. ताई म्हणत, आईने हलायचं नाही, मी इमारतीत लिफ्ट बसवते. इमारत वडिलांनी बांधलेली, आईच्या नावावर. वरचा मजला घरच्यांना, खालचे तीन भाड्याने. जिन्याच्या मधली मोकळी जागा लिफ्टला पुरेल असं मिस्त्री म्हणाला होता. धाकटीने तेव्हा एक वाक्य ताईंना ऐकवलं. "तुला आईला खाली न्यायचं नाहीये, ताई. तुला तिला माझ्याकडे येऊ द्यायचं नाहीये." आणि एवढं बोलून, आपल्या साठवलेल्या पैशांतून लिफ्टचे निम्मे पैसे आणून टेबलावर ठेवले.

ताईंच्या मनाला ते वाक्य झोंबलं, कारण ते खरं होतं. खोटं असतं तर त्या हसून विसरल्या असत्या.

आई त्या लिफ्टमधून जेमतेम दोन हिवाळे खाली-वर झाली. ती गेल्यावर इमारत दोघींच्या नावावर निम्मी-निम्मी लागली आणि धाकटी परदेशी निघून गेली, नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ. भांडण असं परत झालं नाही. बोलणं मात्र थांबलं. दोघींनाही वाटलं, पहिला फोन दुसरीने करावा. अशा वाटण्यात माणसांची वर्षं जातात, तशी यांची गेली.

मध्ये एकदाच ती आली होती. कुणाच्या तरी लग्नासाठी गावात आली होती म्हणे. दुपारची वेळ होती. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि आवाज आला. खर्र, चक्, खडाक्. ताई ताडकन उठून दाराशी गेल्या. हात कडीवर गेला. आणि तिथेच राहिला. ते जुनं वाक्य त्या नेमक्या वेळी कुठून वर आलं देव जाणे. त्या दाराच्या आत उभ्या राहिल्या, धाकटी बाहेर उभी राहिली. तिने बेल वाजवली नाही. यांनी दार उघडलं नाही. मग लिफ्ट खाली गेली, आणि ताई कितीतरी वेळ कडीला धरून तशाच उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचे कान जास्तच तीक्ष्ण झाले, असं आपलं मला वाटतं.

एक व्यवहार मात्र त्यांनी चुकवला नाही. तीन मजल्यांचं भाडं यायचं, त्यातला निम्मा भाग दरवर्षी धाकटीच्या खात्यावर जायचा. सोबत दोन ओळींचं पत्र नाही, काही नाही. पैसे जायचे आणि परत यायचे नाहीत, एवढाच काय तो दोघी बहिणींचा संवाद.

तर अशी ही लिफ्ट. ती एका सकाळी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली, शिंपिणीला पोटात घेऊन. मिस्त्रीने वरून हाताने चाक फिरवून शिंपिणीला बाहेर काढलं, गच्चीवरच्या यंत्रघरात बराच वेळ खुडबुड केली आणि खाली येऊन हात पुसत म्हणाला, "ताई, आता हिचं काही खरं नाही. ब्रेक गेलाय, मोटर गेल्यात जमा आहे, आणि हिचे सुटे भाग बनवणारेच आता कुणी उरले नाहीत. इतके दिवस मी ठिगळं लावली. आता ठिगळाला धरायला कापडच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नवी घ्या. अख्खी. यंत्रासकट."

त्याने प्रत्येक मजल्यावर जाळीला पाटी अडकवली आणि लिफ्ट बंद झाली. इमारतीत एकदम शांतता पसरली. पायऱ्यांवरचे पाय सगळे सारखेच वाजतात. ताईंना त्यांच्याच घरात बहिऱ्यासारखं वाटायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात ताई करसल्लागाराच्या कचेरीत जाऊन बसल्या. पूर्वी तिथे एक वयस्कर गृहस्थ बसायचे, ताईंच्या वडिलांपासूनचे. ते आता थकले होते आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांची सून बसत होती. हुशार, हसतमुख, आणि बोलता बोलता समोरच्याला चहा पाजणारी. सासऱ्यांचे जुने अशील तिला सूनबाईच म्हणत, आणि तिनेही ते आनंदाने चालवून घेतलं होतं.

सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. "मग हे बघा ताई. तुम्ही आजवर दोर बदललात, बटणं बदललीत, ती दुरुस्ती. दुरुस्तीचा खर्च त्याच वर्षीच्या भाड्यातून वजा. पण अख्खी लिफ्ट नवी घेतली तर ती दुरुस्ती नाही. ती नवी मालमत्ता. तिची किंमत एकदम वजा होत नाही."

"घसारा," ताई म्हणाल्या.

"बरोबर. वस्तू जितकी वर्षं चालेल तितक्या वर्षांत थोडी थोडी किंमत वजा करायची. साबणाची वडी झिजते ना, तसं. आणि नवी सुरू होईल त्या दिवसापासून तिचा घसारा सुरू. म्हणून म्हणते, वर्ष संपायच्या आत चालू करून घ्या."

"आणि जुनीचं काय?"

"जुनी खरोखर काढून टाकली, भंगारात दिली, की तिची जी किंमत वजा व्हायची राहिली असेल ती त्याच वर्षी सगळी खर्ची टाकता येते. तुमच्या बाबतीत ती भानगडच नाही. सासऱ्यांनी तुमचा घसारा स्थिर हप्त्यांनी घेतला होता, दरवर्षी सारखा तुकडा. तुमच्या हिश्शाची लिफ्ट कागदावर केव्हाच शून्य झाली आहे."

ताईंनी कपाकडे बघत विचारलं, "माझी झाली. पण धाकटीचा निम्मा आहे ना अजून? मी कधी हात लावला नाही त्याला. इतक्या वर्षांचा बराच साठला असेल."

सूनबाई गोंधळली. "साठला म्हणजे?"

"म्हणजे तिचा घसारा. मी माझ्याच निम्म्याचा घेतला. तिचा तिच्यासाठी राखून ठेवला."

आता ताईंची ही समजूत कुठून आली म्हणाल, तर कुठूनच नाही. ती त्यांची त्यांनीच घडवली होती. हिशेबाचे कागद दरवर्षी यायचे, त्यात लिफ्ट निम्मीच असायची, आणि ताई मनात म्हणायच्या, उरलेली निम्मी डब्यात आहे. धाकटी कधी तरी येईल, तेव्हा तिला सांगता येईल, बघ, तुझं तसंच ठेवलंय. या एका विचारावर त्यांनी किती दुपारी काढल्या होत्या, ते सूनबाईला कसं कळावं.

सूनबाईने आवाज खाली आणला. "ताई, घसारा राखून ठेवता येत नाही. ज्या वर्षीचा त्या वर्षी मागायचा. नाही मागितला तर त्या वर्षीचा गेला."

"कुणी घेतला नाही तरी?"

"घेतला नाही तरी लिफ्ट झिजतच असते ना. तुमच्या बहिणीने तिकडे मागितला असेल तर तिला मिळाला. नसेल मागितला, तर तो असाच संपत आलाय. तुम्ही सांभाळलात म्हणून थांबला नाही."

चहा निवला होता, तो ताईंनी तसाच प्यायला.

सूनबाईला वाटलं विषय बदलावा, म्हणून तिने कामाचं काढलं. "मी काय म्हणते, नवी लिफ्ट तुम्ही एकट्याच का नाही घेत? पैसे तुमचे, लिफ्ट तुमच्या नावावर, घसारा सगळा तुम्हाला. दोन देश, दोन हिशेब, ही यातायात कशाला? बहिणीला एक फोन करा, तिची संमती घ्या, की झालं. ती नाही कशाला म्हणेल?"

ताईंना नेमकी हीच भीती होती. धाकटी नाही म्हणणार नाही. ती सहज म्हणेल, घे ना ताई, सगळीच तुझी. इमारतीत राहण्याचा, तिची डागडुजी करण्याचा, धाकटीला वर्षातून एकदा निम्मे पैसे पाठवण्याचा काही अर्थ होता, तो लिफ्टच्या त्या निम्म्या भागापाशी येऊन थांबत होता. ती एकच गोष्ट धाकटीने वारसा म्हणून नाही, रागावलेली असताना, स्वतःच्या हाताने, निम्मी घेतली होती. आता नव्या लिफ्टमधला निम्मा हिस्सा तिने सोडला, तर ताईंनी कशाची वाट बघायची? न विचारता निम्मी ठेवावी, तर तिच्या गळ्यात खर्च मारल्यासारखं. विचारावं, तर उत्तर ऐकावं लागणार.

मग त्यांनी जे आपण सगळे करतो तेच केलं. चालढकल. मिस्त्रीला म्हणाल्या, अजून एका कारागिराला दाखवू. त्याने बघून तेच सांगितलं. मग म्हणाल्या, दोन ठिकाणचे भाव मागवू. भाव आले. मग म्हणाल्या, रंग कुठला घ्यावा बरं. मिस्त्री म्हणाला, ताई, रंग शेवटी.

इकडे नकाशेवाले काका तिसऱ्या मजल्यावर अडकून पडले होते. त्यांचं हृदय अधू, जिना चढायची डॉक्टरांनी मनाई केलेली. त्यांनी खिडकीतून दोरीला कापडी पिशवी बांधून खाली सोडायला सुरुवात केली. पाववाला आणि पेपरवाला त्यात जिन्नस टाकायचे आणि काका हळूहळू वर ओढायचे. ताई एकदा चौकशीला गेल्या तर म्हणाले, "माझं काही अडत नाही हो. उलट हाताला व्यायाम. फक्त ते समोरच्या बागेतलं बाक दिसतं ना इथून, त्यावर आता दुसराच कोणी बसतो. बसू दे बिचारा." तक्रार म्हणून ते हे बोललेच नव्हते. म्हणूनच ताईंना ते बाक जाता-येता दिसू लागलं.

एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, ताई फोनपाशी बसल्या. नंबर शोधावा लागला नाही. मामेभावाने तो केव्हाच दिला होता आणि त्यांना तो तोंडपाठ होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर जोडून दिलेल्या बाईला हा एक जोडता आला नव्हता. आज बोटांनी तो आपणहून फिरवला.

पलीकडे कुणीतरी परक्या भाषेतल्या सुरात हॅलो म्हणालं.

"मी बोलतेय," ताई म्हणाल्या.

ताईंनी श्वास ऐकला. रागाचा नव्हता.

"बोल," धाकटी म्हणाली.

इतक्या वर्षांनी बोलायचं तर माणूस कशी आहेस म्हणेल. ताई म्हणाल्या, "लिफ्ट बदलायची आहे."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? आपली."

"अजून तीच आहे?" धाकटी म्हणाली. "असणारच म्हणा. मी दरवर्षी लिहिते की तिला."

"कुठे लिहितेस?"

"इथल्या कराच्या कागदांत. तू निम्मं भाडं पाठवतेस, त्यावर मला इथे कर लागतो. मग लिफ्टचा निम्मा घसाराही मागते."

"तू घेतलास तो?"

"मग काय सोडून देऊ?"

ताईंना हसावं की रडावं कळेना. "मला वाटत होतं, तो तसाच पडून आहे. मी सांभाळत होते."

"काय सांभाळत होतीस?"

"तुझा घसारा."

धाकटी हसायला लागली. तेच हसू, नाकातून सुरू होणारं. "ताई, अगं घसारा कुणी सांभाळतं का?"

"आता कळलं ते मला. माझी लिफ्ट तर कागदावर कधीच संपली म्हणे. शून्य."

"माझी नाही संपली."

"अशी कशी नाही?"

"इथल्या माणसाने पहिल्या वर्षी विचारलं होतं, दरवर्षी सारखा तुकडा घ्यायचा, की जे उरलंय त्यातला ठरलेला भाग घ्यायचा? मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, दुसऱ्या प्रकारात दरवर्षी तुकडा लहान होत जातो, पण वस्तू असेपर्यंत थोडं तरी शिल्लक राहतंच, शून्य होत नाही." तिचा आवाज जरा बदलला. "मला आपला डबा आठवला. बिस्किटाचा. म्हटलं, हेच लावा. माझ्याकडे अजून आहे ताई थोडी लिफ्ट. चुराच आहे, पण आहे."

ताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, कारण पहिला ओला झाला होता. म्हणजे त्या काळात, ज्या काळात त्या लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून बसल्या होत्या, तिकडे दूर कुठल्यातरी टेबलाशी बसून ही बाई दरवर्षी लिफ्टचं नाव लिहीत होती. उरल्यातलं थोडं घेत होती आणि बाकीचं ठेवत होती. एवढं प्रेम दोघींनी केलं, आणि दोघींपैकी एकीलाही त्याचा पत्ता नाही. असल्या शहाण्या माणसांना काय म्हणावं?

"त्या दिवशी," धाकटी म्हणाली, "दाराखालच्या फटीत तुझी सावली दिसत होती मला."

ताई म्हणाल्या, "बेल नाही वाजवलीस तू."

"मला वाटलं, जाळीचा आवाज पुरेल. तुला कळतो ना."

"कळला होता."

फोनचे पैसे चालू होते आणि दोघी काटकसरी, तरी कुणीच घाई केली नाही.

शेवटी ताईंनी जीव मुठीत धरून विचारलं. "नव्या लिफ्टचं काय करू? सूनबाई म्हणते, सगळी माझ्या नावावर घ्यावी. सोपं पडतं."

"तुला काय हवंय?"

ताईंना हा प्रश्न आयुष्यात फार थोड्या लोकांनी विचारला होता. त्यांनी उत्तर तयार केलेलं नव्हतं, म्हणून खरं तेच बाहेर आलं. "मला निम्मीच हवी."

"मग विचारतेस काय?" धाकटी म्हणाली. "किती पाठवायचे तेवढं कळव."

"येशील बसायला तिच्यात?"

"बघते. माझेही गुडघे गेलेत आता. आईवरच गेलेय मी."

"लिफ्ट असेल ना," ताई म्हणाल्या.

"बघते," धाकटी पुन्हा म्हणाली. लहानपणी ती बघते म्हणायची तेव्हा निम्म्या वेळा करायची आणि निम्म्या वेळा विसरायची. हे बघते त्यातलं कुठलं, ते ताईंच्या कानांनाही ओळखता आलं नाही.

पुढची कामं भराभर झाली. जुनी काढायला माणसं आली त्या सकाळी ताईंनी त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. चौथ्या मजल्यावरची जाळी त्यांनी धरली, अर्ध्यावर आणली, थांबवली. जिभेने चक् केलं. मग हिसका दिला. आवाज लिफ्टच्या रिकाम्या विहिरीत घुमत खालपर्यंत गेला. तिसऱ्या मजल्यावरून काकांचा प्रश्न आला, "ताई, कोण आलं हो? हा हात ओळखीचा नाही."

"कुणी नाही," ताई म्हणाल्या, आणि माणसांना म्हणाल्या, "घ्या काढायला."

जाळी, माणसं वाहणारा पाळणा, मोटर, सगळं एका गाडीत बसलं. सूनबाईने बजावलं होतं म्हणून ताईंनी भंगारवाल्याकडून पावती घेतली आणि तिची एक प्रत धाकटीला पाठवली, तिच्या उरलेल्या चुऱ्यासाठी. तो आता तिला खर्ची टाकावा लागणार होता. कायद्यापुढे इलाज नव्हता.

नव्या लिफ्टचे कागद करताना सूनबाई म्हणाली, "निम्मी-निम्मी, ठीक. तुमच्या हिश्शाचा घसारा पूर्वीसारखाच ना? स्थिर हप्त्यांनी?"

"नाही. ती दुसरी पद्धत लावा. उरल्यातला भाग घ्यायची."

"चालेल. पण ताई, त्यात लिफ्ट आहे तोवर थोडं शिल्लक राहतंच. तुमच्या हयातीत ते काही शून्य होणार नाही."

"नकोच व्हायला," ताई म्हणाल्या.

वर्ष संपायच्या आत लिफ्ट सुरू झाली. पहिले स्वार नकाशेवाले काका. ते थेट बागेत गेले आणि त्या बाकावरच्या माणसाला थोडं सरकायला लावून बसले. डॉक्टर खूश, शिंपीण खूश. पिशव्या कितीही असोत, दारं आपली आपण उघडतात आणि आपली आपण मिटतात. आवाज म्हणाल तर नाहीच. डॉक्टर येवोत की शिंपीण, लिफ्टला सगळे सारखे.

ताईंनी मिस्त्रीला विचारून बघितलं, हिला काही आवाज लावता येईल का. तो म्हणाला, मजल्यावर थांबली की घंटी वाजेल अशी सोय आहे, पण ती सगळ्यांसाठी एकच वाजणार. ताई म्हणाल्या, मग राहू दे.

धाकटीचे निम्मे पैसे आले होते. सोबत एक ओळही आली होती, उन्हाळा संपला की बघते म्हणून. उन्हाळा संपला. ताई दुपारी भाजी निवडायला बसायच्या, कान लिफ्टकडे लावायच्या आणि काहीच ऐकू यायचं नाही. ती येऊन गेली तरी कळायचं नाही, हे एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं. त्या उठल्या, दाराशी गेल्या, कडीवर हात ठेवला.

शिंपीण संध्याकाळी भाडं द्यायला वर आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि ताई समोरच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"ताई, दार उघडं राहिलंय तुमचं," ती म्हणाली.

"असू दे," ताई म्हणाल्या.